मुद्देमाल: बारा मायक्रोस्कोप

जबाब

दि. १८/०२/२०२५, वेळ दुपारी ३.१० वा.

मी, कोकिळा तोताराम बोंडे, वय ५४ वर्षे, शिक्षण नववी पास, धंदा नोकरी (प्रयोगशाळा परिचर), रा. केळी गोदामामागे, शेंदूरखेडे, ता. यावल, जि. जळगाव. मोबाईल भाच्याकडे असतो, नंबर पाठ नाही.

आज रोजी शेंदूरखेडे पोलीस दूरक्षेत्रात स्वतःच्या पायाने येऊन, पोलीस हवालदार धनसिंग पावरा यांनी विचारले तसे, समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर माझे पती तोताराम यांच्यासह राहते. ते केळी कापणीच्या टोळीत आहेत. मी गावातील सातपुडा पायथा कला व विज्ञान महाविद्यालयात जीवशास्त्र विभागात सन २००२ पासून नोकरीस आहे. हवालदारसाहेबांनी आधी धंद्यापुढे 'शिपाई' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. माझ्या ऑर्डरवर प्रयोगशाळा परिचर असे आहे आणि ती ऑर्डर घरी काचेच्या फ्रेममध्ये आहे. काचपट्ट्या धुणे, रंगद्रव्यांच्या बाटल्या भरणे, प्रयोगाला लागणारे कांदे ग्लासात लावून त्यांना मुळे आणणे, हे माझे काम. विभागात मला सगळे अक्का म्हणतात, प्राचार्यसुद्धा.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी कॉलेजात चौदा नवे मायक्रोस्कोप आले. लाकडी पेट्यांतून ते मी या हातांनी बाहेर काढले. प्रत्येकावर नंबर टाकला, एक ते चौदा. एवढे महाग यंत्र त्याआधी मी कधी हातात धरले नव्हते. बावीस वर्षे रोज पुसले, रोज झाकले, उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन बघून गेले. दरवर्षी दसऱ्याला त्यांची पूजा मी केली, एकही वर्ष चुकवले नाही. अशा बाईवर त्याच मायक्रोस्कोपच्या चोरीचा आळ येतो म्हणजे कमाल आहे. हवालदारसाहेब म्हणाले, कमाल आहे हे लिहीत नाही. मी म्हटले, मग निदान पूजेचे तरी लिहा, ते पुढे लागणार आहे.

मायक्रोस्कोप नवे होते तेव्हा पोरींना कांद्याच्या पापुद्र्यात घराघरासारख्या पेशी स्वच्छ दिसत. पुढे एकेक मायक्रोस्कोप बिघडत गेला. 'धुकं दिसतं', 'पिवळं दिसतं', 'काहीच दिसत नाही', अशा तक्रारी येऊ लागल्या. त्या त्या वेळचे सर लाल पेनाने 'नादुरुस्त' लिहायचे आणि मी तो यंत्राचा जीव उचलून भांडारात ठेवून यायची. जून २०२३ मध्ये शेवटचा, म्हणजे अकरा नंबरचा, भांडारात गेला. तेव्हापासून मुली पुस्तकातले चित्र बघून वहीत पेशी काढत. चित्र अगदी सुबक यायचे. न बघता काढलेले, पण सुबक.

त्याच वर्षी मोहिनी मॅडम आल्या. त्या तासिका तत्त्वावर पेशीजीवशास्त्र शिकवतात, वय असेल अठ्ठावीस. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी विचारले, "अक्का, मायक्रोस्कोप कुठे आहेत?" मी म्हटले, भांडारात झोपले आहेत. त्या हसल्या नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यापीठाचे पत्र आले. दि. १८ फेब्रुवारीस सकाळी अकराला समिती प्रयोगशाळा बघण्यास येणार. पेशीजीवशास्त्रासाठी किमान दहा मायक्रोस्कोप चालू स्थितीत पाहिजेत. नसल्यास तृतीय वर्षाचा वर्ग जूनपासून बंद आणि द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वर्षासाठी जळगावला प्रवेश घ्यायचा. वर्गात अडतीस जण आहेत, पैकी एकतीस मुली. माझ्या घराच्या दोन घरे सोडून कामिनी राहते, तीही याच वर्गात. तिच्या वडिलांना मी पत्राचे सांगितले तर ते म्हणाले, "अक्का, वर्ग बंद पडला त मी काही तिले जळगावले धाडत नाही. घरी बसू दे मंग." असे म्हणणारा तो एकटा बाप नव्हे. एकतीस मुलींपैकी जळगावला जाणाऱ्या माझ्या हिशेबाने पाच निघाल्या असत्या, त्याही भांडून. बाकीच्यांचे शिक्षण तिथेच संपले असते. माझे नववीत संपले होते, म्हणून मला माहीत आहे ते कसे संपते. कोणी रागवत नाही, कोणी मारत नाही. एक दिवस दप्तर वरच्या फळीवर ठेवतात, एवढेच.

मोहिनी मॅडमनी नव्या मायक्रोस्कोपसाठी अर्ज केला. तो परत आला. पुन्हा केला, पुन्हा आला. सप्टेंबरात कार्यालयीन अधीक्षक हितेंद्र चौधरी यांनी चौदाही मायक्रोस्कोप 'दुरुस्तीपलीकडे' ठरवून निर्लेखित मालाच्या यादीत टाकले, म्हणजे भंगारात काढायला मोकळे केले. मी प्राचार्यांकडे जाऊन म्हटले, एकदा कोणा जाणत्या माणसाला दाखवू तरी. ते म्हणाले, "अक्का, निर्लेखित मालाला हात लावता येत नाही. नियम आहे." चौधरी साहेबांनी एकही मायक्रोस्कोप उघडून पाहिला नव्हता. ते आमच्या विभागाचा जिना गेल्या सहा वर्षांत चढलेले नाहीत. त्यांचा गुडघा दुखतो, हे खरे आहे. माझाही दुखतो.

दिवाळीनंतर मी धुळ्याला माझ्या बहिणीकडे गेले होते. गल्ली नंबर पाचमध्ये तिच्या घराखाली अमृत पुना सोनवणे यांचे दुकान आहे. ते घड्याळे आणि जमीन मोजणीवाल्यांच्या दुर्बिणी दुरुस्त करतात. वय सत्तरच्या वर. मी विचारले, अमृतभाऊ, मायक्रोस्कोप बघाल का? ते म्हणाले, "काच शे ना? मंग दखसू. लई ये." म्हणजे काच आहे ना, मग बघतो, घेऊन ये.

दि. १६ नोव्हेंबर २०२४, शनिवार, रोजी संध्याकाळी पाच वाजता मी भांडारातून सात नंबरचा मायक्रोस्कोप घेतला. भांडाराची दुसरी किल्ली नियमाप्रमाणे माझ्याकडे असते. मायक्रोस्कोप केळीच्या क्रेटमध्ये ठेवला, खाली-वर केळीची सुकी पाने घातली आणि फाटकाशी येऊन पहारेकरी सुपडू यांच्या रजिस्टरात स्वतः लिहिले: 'मायक्रोस्कोप नं. ७, दुरुस्तीसाठी, धुळे, को. तो. बोंडे.' रविवारी पहिल्या एस.टी.ने धुळ्यास नेला. त्यानंतर खात्री पटली तसे दर शनिवारी दोन-दोन नेले, शेवटच्या शनिवारी तीन. एकूण सात खेपा. एस.टी.त कंडक्टरने क्रेटचे काय असे विचारले की मी केळी म्हणायची. एकदा तर एका बाईने केळ्यांची फणी मागितली, तिला मी पिशवीतली खरी केळी दिली. हे खोटे बोलणे झाले असल्यास ते मान्य आहे.

हवालदारसाहेबांनी विचारले, मायक्रोस्कोपमध्ये दोष काय निघाला? मी म्हटले, तो सांगणार आहे, पण शेवटी सांगेन. ते म्हणाले, जबाब क्रमाने असतो. मी म्हटले, माझा क्रम हाच आहे.

अमृतभाऊंनी चौदांपैकी बारा चालू करून दिले. दोनाच्या काचा जोडणारा डिंक आतून गेला होता, त्यांचे आरसे आणि स्क्रू बाकीच्यांना लावले. मजुरीचे विचारले तर म्हणाले, दर खेपेला एक फणी आणत जा. काचा कशा पुसायच्या हेही त्यांनी मला समोर बसवून शिकवले. पदराने नाही, बोटाने नाही, मऊ कागदाने, आतून बाहेर गोल. सातव्या खेपेला ते चहा प्यायला गेले आणि तीन मायक्रोस्कोप मी एकटीने पुसले. त्यांनी भिंगातून बघितले आणि पुढचे घड्याळ उचलले. माझ्यासाठी ती पदवी होती.

बाकीचे साहित्य मोहिनी मॅडमनी आणि मी जमवले. रंग टाकायला ज्या खोलगट काचा लागतात, त्या अमृतभाऊंनी जुन्या घड्याळांच्या दिल्या. पालकाचा रस फिरवून हिरवे कण खाली बसवायला गावच्या दूध डेअरीचे हाताने फिरवायचे फॅट तपासणीचे जुने यंत्र आणले. डेअरीवाले म्हणाले, दूध न घालता काय फिरवणार? मी म्हटले, पालक. ते माझ्याकडे बघतच राहिले. गरम पाण्याचे भांडे माझ्या घरचे, थर्मामीटर मॅडमचे. जानेवारीपासून मुली रोज प्रॅक्टिकल करत होत्या. त्या वरच्या मजल्यावरून 'दिसलं! दिसलं!' असे जे ओरडणे खाली ऑफिसात जायचे, ते काय दिसले म्हणून कोणी विचारायला वर आले नाही.

मोहिनी मॅडमनी मला एकदा विचारले, परवानगी आहे ना अक्का? मी म्हटले, फाटकाच्या रजिस्टरला ऑफिसातल्या साहेबांची सही आहे. हे खोटे नव्हते, ते पुढे येईलच.

काल दि. १७ रोजी भंगार उचलणारे ट्रक घेऊन आले. त्यांनी भांडारातल्या चौदा लाकडी पेट्या उचलल्या तर हलक्या लागल्या. उघडल्या तर रिकाम्या. चौधरी साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. दुसरी किल्ली माझ्याकडे, म्हणून त्यांनी वर येऊन मला न विचारता थेट इथे तक्रार दिली की चौदा मायक्रोस्कोप परिचर बोंडे यांनी चोरले. जिना चढले असते तर चोरी सापडली असती, टेबलावरच मांडलेली होती.

हवालदार पावरा साहेब दुपारी चारला आले. त्यांनी नंबर पाहून पंचनामा केला आणि बारा मायक्रोस्कोप मुद्देमाल म्हणून जप्त केले. दुसऱ्या दिवशी अकराला समिती येणार. फाटकाचे रजिस्टर दाखवावे तर सुपडू ते कुलपात ठेवून पाचोऱ्याला लग्नाला गेलेले. मी हात जोडले, पाया पडायचेच बाकी ठेवले. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही खरं बोलता असं मला वाटतं. पण तक्रार लिहिली गेली आहे, वस्तू सोडायचा अधिकार माझा नाही." त्यांचा शिपाई मायक्रोस्कोप नळीला धरून उचलत होता. मी ओरडले, अरे, मानगूट काय धरतो, कमरेला धर आणि खाली हात दे! मग मीच बाराही उचलून क्रेटमध्ये भरले, पाने घातली आणि जीपमध्ये ठेवले. आपल्याच हाताने. कामिनी दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "आता काय व अक्का?"

मी जीपच्या मागे चालत इथपर्यंत आले. दूरक्षेत्र कॉलेजपासून चारशे पावलांवर आहे. मायक्रोस्कोप आत ठेवून झाल्यावर मी व्हरांड्यात बसले आणि बसल्या बसल्या माझ्या लक्षात आले की इथे उजेड फार चांगला आहे. आमचे मायक्रोस्कोप जुने, आरशावर चालणारे. प्रयोगशाळेत आंब्याच्या झाडाची सावली येते. इथे समोर मोकळे आभाळ. मी उठून विचारले, साहेब, मुद्देमाल बाहेर जाणार नाही ना? म्हणाले, नाही. मी म्हटले, समिती आत येऊ शकते ना?

साहेब म्हणाले, "पंचनाम्यात मी 'चालू स्थितीत' असं लिहिलं आहे. ते खरंच चालू आहेत का हे जाणकारांकडून बघून घेणं तपासाचाच भाग आहे. माझ्यासमोर, इथल्या इथे. माझी हरकत नाही." हे ते स्वतः लिहायला लाजत होते, मीच आग्रह धरला. चांगल्या माणसाचे चांगले कागदावर आले पाहिजे.

आज सकाळी साडेआठला मुलींनी कांद्याची मुळे तोडली. मुळांच्या टोकाला पेशी फुटून एकीच्या दोन होतात, ते सकाळच्या त्या वेळेस जास्त सापडते, उशीर करून चालत नाही. मुळे तांबड्या रंगात भिजवली. अकराला समितीचे तिघे जण कॉलेजात आले. प्रयोगशाळेत टेबले रिकामी. चौधरी साहेबांनी खाली ऑफिसातच सांगून टाकले होते, साहित्य उपलब्ध नाही. तेव्हा मोहिनी मॅडम पुढे होऊन म्हणाल्या, "साहित्य आहे, मॅडम. फक्त पोलिसांकडे आहे. चारशे पावलं चालावं लागेल." समितीच्या अध्यक्षा पांढऱ्या केसांच्या, कडक चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "चला, हे मी अजून पाहिलेलं नाही."

मग अडतीस मुले-मुली, हातात ग्लास, बाटल्या, काचपट्ट्या, डेअरीचे यंत्र दोघींनी धरलेले, मागे समिती, अशी सगळी वरात भर बाजारातून इथे आली. पानटपरीवाले उठून उभे राहिले. व्हरांड्यात दोन बाकडी, एक टेबल आणि साहेबांची स्वतःची खुर्ची, यांवर बारा मायक्रोस्कोप मी मांडले. मोहिनी मॅडम ओरडत होत्या, सरळ ऊन घेऊ नका, आभाळाचा उजेड घ्या! मुलींनी मुळांची टोके काचेवर ठेवली, दिव्यावर किंचित गरम केली, वर कागद ठेवून अंगठ्याने दाबली. एकाही मुलीने पुस्तक उघडले नाही.

अध्यक्षा मॅडम एकेका मायक्रोस्कोपवर वाकत गेल्या. एक नंबर, दोन नंबर, तीन. तोंडावर काही नाही. सात नंबरवर कामिनी होती. मॅडमनी तिला विचारले, काय सापडलं? कामिनीने काचपट्टी हलवली, बारीक स्क्रू फिरवला आणि म्हणाली, "मॅडम, ही बघा. पेशी आत्ता दोन होऊ राहिली. धागे दोन बाजूला ओढले जाऊ राहिलेत, मधली भिंत अजून आली नाही." मॅडम डोळा लावून किती वेळ बघत राहिल्या. मग डोके वर न काढता म्हणाल्या, "बाळ, हे तू आधी किती वेळा पाहिलंस?" कामिनी म्हणाली, "जानेवारीपासून रोज. आधी फक्त चित्र काढायची."

बारा नंबर संपल्यावर मॅडमनी तिथेच साहेबांच्या टेबलावर अहवाल लिहिला. मोठ्याने वाचला. 'बारा मायक्रोस्कोप उत्तम स्थितीत. विद्यार्थ्यांची तयारी उत्कृष्ट. तृतीय वर्षाचा वर्ग चालू ठेवण्याची शिफारस.' पाहणीचे ठिकाण या रकान्यात त्यांनी लिहिले, 'पोलीस दूरक्षेत्र, व्हरांडा'. मग जो काही गलका झाला! पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मोहिनी मॅडम बाकड्यावर बसून रडायला लागल्या. साहेब म्हणाले, ठाण्यात आरडाओरडा चालणार नाही, आणि लगेच चाळीस चहा सांगितले. मलाही रडू आले. साहेबांनी विचारले, हे लिहू का? मी म्हटले लिहा, आले ते आले.

तेवढ्यात कामिनीने साहेबांच्या गालाच्या आतून काडीने जरा खरवडले, निळा रंग टाकून काचपट्टी बनवली आणि म्हणाली, बघा, हे तुम्ही. साहेबांनी पाहिले. म्हणाले, "हे माझ्या गालात आहे? एवढं सगळं?" त्यांनी आत ड्यूटीवर असलेल्या पोलिसालाही बोलावून दाखवले.

दुपारी दीडला पहारेकरी सुपडू पाचोऱ्याहून लग्न आटोपून आले आणि फाटकाचे रजिस्टर घेऊन इथे हजर झाले. साहेबांनी चौधरी साहेबांसमोर ते उघडले. चौदाही मायक्रोस्कोप गेल्याची तारीखवार नोंद, बारा परत आल्याची नोंद, दोनाचे सुटे भाग आल्याची नोंद, सगळे माझ्या अक्षरात. आणि दर सोमवारच्या पानाखाली 'पाहिले', हि. चौधरी, अशी सही. सात आठवडे, सात सह्या. साहेबांनी विचारले, ही सही आपलीच ना? चौधरी साहेब म्हणाले, "माझीच आहे. पण मी काही वाचून करत नाही." व्हरांड्यात जे हसू फुटले ते मी सांगत नाही. चौधरी साहेब तसे वाईट नाहीत. घाबरट आहेत. त्यांनी तक्रार मागे घेत असल्याचे लेखी दिले आणि जाताना सात नंबरवर वाकून कांद्याचे मूळ बघून गेले. चेहरा बघण्यासारखा होता.

आता राहिलेले सांगते. अध्यक्षा मॅडमनी जाताना विचारले, या मशिनी कोणी जिवंत केल्या? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मॅडम म्हणाल्या, "बाई, आमच्या विभागातल्या नव्यांपेक्षा यांच्या काचा स्वच्छ आहेत. मूळ दोष काय होता?" मी म्हटले, जुने झाले होते. मोहिनी मॅडमनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, अक्का, हे सगळं तुमच्यामुळे झालं. समोर भजी आली, मी खाल्ली नाहीत.

खरे असे की, त्या पहिल्या रविवारी अमृतभाऊंनी सात नंबर उघडला. नळी उलटी केली तर टेबलावर तांदळाचा दाणा पडला. लाल, कुंकू लागलेला. त्यांनी तो चिमटीत धरला, मग वरची काच खोलली. काचेवर पिवळा थर होता, भाकरीच्या पापुद्र्याएवढा जाड. त्यांनी बोटाने घासून वास घेतला. म्हणाले, "हाई हयद शे, आक्का. मशीन बिघडेल नई शे. मशीननी पूजा व्हयेल शे." म्हणजे ही हळद आहे, मशीन बिघडलेले नाही, मशीनची पूजा झालेली आहे.

आमच्याकडे दसऱ्याला नांगर, मोटार, ट्रॅक्टर, कोयता सगळ्यांना हळद-कुंकू लागते. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या दसऱ्याला विचार केला, मायक्रोस्कोपचा जीव कुठे? तर डोळ्यात. म्हणून वरच्या काचेला एक टिळा, खालच्या तिन्ही काचांना एकेक. ओली हळद, वर अक्षता, फुलाने पाणी शिंपडून कापूर ओवाळायचा. दुसऱ्या दिवशी पदराने पुसून टाकायची. वाटायचे, गेले पुसून. वरच्या काचेच्या कडेने हळद आत उतरत होती, पाणी नळीत बुरशी धरत होते. बावीस दसरे. जो मायक्रोस्कोप मला सगळ्यात लाडका, सात नंबर, त्याला मी दोन टिळे लावायची.

म्हणजे मायक्रोस्कोप म्हातारे झाले नव्हते, मी त्यांना आंधळे केले होते. पोरी 'पिवळं दिसतं' म्हणत आणि मी त्यांनाच रागवायची, डोळे तपासून घ्या म्हणायची. किती मुली न बघता चित्रे काढून पदवी घेऊन गेल्या, त्या आता सासरी आहेत, त्यांना परत आणून दाखवता येत नाही. याचे मला वाईट वाटते, फार वाटते. अमृतभाऊंना मी म्हटले, कोणाला सांगू नका. ते म्हणाले, मी कशाला सांगू, तूच सांगशील एक दिवस. आज तो दिवस आहे. चोरीची तक्रार मागे घेतली आहे, त्यामुळे माझ्या जबाबाची आता गरज नाही असे साहेब म्हणाले होते. मीच म्हटले, नाही, लिहून घ्या.

हे सांगत असता खिडकीपाशी सगळा वर्ग उभा होता हे मला माहीत नव्हते. कामिनी गजांतून म्हणाली, "अक्का, मंग येत्या दसऱ्याले काय करायचं?" मी म्हटले, पूजा होईल. टिळा लाकडी पेटीला लावायचा, काचेला नाही, आणि अक्षता बाहेर. ती म्हणाली, "आणि सात नंबरले?" मी म्हटले, त्याच्या पेटीला दोन. पोरी हसल्या. मोहिनी मॅडम हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग त्यांनी ती भजीची ताटली खिडकीतून आत सरकवली आणि मी खाल्ली.

शेवटी हवालदारसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारले, आपल्याला काय मान्य आहे आणि काय नाही? तर चोरी मान्य नाही. हळद मान्य आहे.

बारा मायक्रोस्कोप मला आज ४.४० वाजता परत मिळाले. मोजले, नंबर तपासले, एकाही काचेला बोट लागलेले नाही. ते मुलींनी कमरेला धरून, खाली हात देऊन उचलले आणि कॉलेजला नेले.

हा जबाब मी जसा बोलले तसा लिहिला गेला, हवालदारसाहेबांनी खणखणीत आवाजात वाचला, मी ऐकला, खिडकीबाहेरच्या अडतीस जणांनी ऐकला, त्यात माझे शब्द जागच्या जागी आहेत. अंगठा नाही, सही करते.

(सही) को. तो. बोंडे
प्रयोगशाळा परिचर

समक्ष: धनसिंग पावरा, पोलीस हवालदार, शेंदूरखेडे दूरक्षेत्र